दवंडी चोराच्याही कानी

गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या एका वाचकाने विचारले आहे: एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना जाहिरातीतले ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काढे, पावडरी द्याव्यात का? माझे उत्तर, नको. या मुलांची प्रतिकारयंत्रणा दुबळी होते ती नुसती थंड पडून नव्हे. ती अष्टौप्रहर खवळलेली असते आणि त्यातच झिजते.

संसर्ग झाला की पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ ही त्यांतली ठळक. कोतवालाने दवंडी पिटावी तसे हे काम. पण दवंडी चोरालाही ऐकू येते. टीएनएफचा सांगावा पोहोचला की पेशीतले एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन केंद्रकात शिरते आणि बचावाची जनुके चालू करते. एचआयव्हीने आपल्या जनुकांच्या तोंडाशी नेमक्या याच प्रथिनाला बसायच्या जागा राखून ठेवल्या आहेत. शरीर मदत मागते आणि विषाणूच्या प्रती निघू लागतात! युरोप-अमेरिकेतल्या बी उपप्रकारात अशा जागा बहुधा दोन, भारतात सर्रास आढळणाऱ्या सी उपप्रकारात तीन. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने २०१२ मध्ये चार जागांचे भारतीय विषाणूही दाखवले.

राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचा, आणि मलेरियात टीएनएफ भरमसाट वाढते. मलावीत प्रौढांच्या पाहणीत (२००५) मलेरिया झाल्यावर रक्तातला एचआयव्ही पावणेदोन पट झाला; आठ-नऊ आठवड्यांनी तो पूर्वपदावर आलेला आढळला. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीविरोधी, गोळ्या नियमित घेतल्या तर विषाणू दबतो, मात्र प्रतिकारयंत्रणेचा हा खवळलेपणा, म्हणजे दाह, पुरता शमत नाही.

इथे एक जुनी, स्वस्त गोळी कामी येते: को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजे अनेकांच्या ओळखीची सेप्ट्रान. युगांडा आणि झिम्बाब्वेत एआरटीवरच्या ज्या मुलांनी ती चालू ठेवली, त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ कमी आढळले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्यातले काही जंतू आणि तिथला दाह तिने आटोक्यात ठेवला होता. ती कधी थांबवायची, हे डॉक्टरच ठरवतील.

तेव्हा काढ्याचे पैसे वाचवा. मूल मच्छरदाणीत झोपू दे, ताप आला की त्याच दिवशी आशाताईंकडून बोट टोचून मलेरियाची तपासणी करून घ्या. आणि नाले भरून वाटा तुटण्याआधी, मृगापूर्वीच, पावसाळा निघेल एवढ्या एआरटीच्या गोळ्या मुलाच्या घरात पोहोचायला हव्यात.