घटक ४ : नभोवाणीवरील भाषण आणि वक्त्याची जबाबदारी : फादर चार्ल्स कॉगलिन

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
१. फादर कॉगलिन यांचे पूर्वायुष्य आणि नभोवाणीवरील कारकीर्द सांगता येईल.
२. नभोवाणीवरील भाषणाची भाषिक वैशिष्ट्ये स्पष्ट करता येतील.
३. सर्वनामांच्या वापरातून श्रोत्यांचा गट कसा घडवला जातो, हे उदाहरणांसह मांडता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण श्राव्य माध्यमासाठी लेखन कसे करावे हे पाहिले. वाक्ये लहान असावीत, शब्द परिचित असावेत, श्रोत्याशी एकट्याने बोलत आहोत असे वाटावे, ही सूत्रे आपण शिकलो. ही सूत्रे ज्याला उत्तम साधली, त्याने त्यांचा उपयोग कशासाठी करावा, हा प्रश्न मात्र तेथे राहून गेला. प्रस्तुत घटकात त्याचा विचार करायचा आहे. त्यासाठी अमेरिकेतील एका धर्मगुरूचे उदाहरण घेतले आहे. १९३०च्या दशकात त्यांचा आवाज लक्षावधी घरांत ऐकला जात होता आणि पुढे तोच आवाज द्वेषाच्या प्रचारासाठी कुप्रसिद्ध झाला.

४.३ विषय विवेचन

४.३.१ बालपण आणि शिक्षण

चार्ल्स एडवर्ड कॉगलिन यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८९१ रोजी कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, हॅमिल्टन या गावी झाला. कुटुंब आयरिश वंशाचे व कॅथलिक पंथाचे होते. धाकटी बहीण तान्हेपणीच दगावल्याने चार्ल्स हे आईवडिलांचे एकुलते एक अपत्य राहिले. मुलाने धर्मगुरू व्हावे ही आईची तीव्र इच्छा होती. टोरांटो येथील सेंट मायकेल्स महाविद्यालयातून १९११ मध्ये त्यांनी पदवी घेतली आणि १९१६ मध्ये त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी विंडसर येथील असम्प्शन महाविद्यालयात अध्यापन केले. वर्गात शिकवणे, विद्यार्थ्यांची नाटके बसवणे आणि रविवारी प्रवचन देणे, या तिन्ही कामांत आवाजाला वळण लागत होते. विंडसरहून नदी ओलांडली की अमेरिकेतील डेट्रॉइट शहर लागते. १९२३ मध्ये कॉगलिन तेथील धर्मप्रांतात रुजू झाले.

४.३.२ नभोवाणीवर प्रवेश

१९२६ मध्ये बिशप मायकेल गॅलघर यांनी डेट्रॉइटजवळील रॉयल ओक येथे नवे चर्च उभारण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्या भागात कॅथलिक कुटुंबे मोजकीच होती. कर्जाचा बोजा होता आणि परिसरात कू क्लक्स क्लान या संघटनेचा प्रभाव होता. ही संघटना कृष्णवर्णीयांप्रमाणेच कॅथलिकांचा व ज्यूंचाही द्वेष करी. चर्चच्या आवारात क्लानच्या लोकांनी जळता क्रूस उभा केला होता, असे कॉगलिन पुढे सांगत असत.

कॅथलिकांविषयीचे गैरसमज दूर व्हावेत आणि चर्चसाठी निधीही जमावा, या हेतूने त्यांनी डेट्रॉइटच्या डब्ल्यूजेआर केंद्राकडे वेळ मागितली. १७ ऑक्टोबर १९२६ रोजी त्यांचे पहिले प्रक्षेपण झाले. आरंभीचे कार्यक्रम मुलांसाठी होते व त्यांचा विषय धर्मशिक्षण हा होता. द्वेषाला उत्तर देण्यासाठी हा मनुष्य ध्वनिक्षेपकासमोर प्रथम बसला होता, हे आपण ध्यानात ठेवावे. पुढील विवेचनात त्याला महत्त्व आहे.

४.३.३ मंदीचा काळ आणि संवादाची भाषा

१९२९ च्या अखेरीस अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. १९३३ पर्यंत तेथील कामकऱ्यांपैकी सुमारे एकचतुर्थांश लोक बेकार झाले. मोटारींच्या कारखान्यांवर जगणाऱ्या डेट्रॉइटला ही झळ विशेष तीव्रतेने बसली. १९३० पासून कॉगलिन यांच्या भाषणांत राजकारण व अर्थकारण आले. त्याच वर्षी सीबीएस या राष्ट्रव्यापी जाळ्यावरून ते बोलू लागले. त्यांच्या टीकेची धार वाढताच १९३१ मध्ये सीबीएसने करार पुढे चालू ठेवला नाही. तेव्हा श्रोत्यांनी पाठवलेल्या देणग्यांतून वेगवेगळ्या केंद्रांची वेळ विकत घेऊन कॉगलिन यांनी स्वतःचेच जाळे उभारले. ऐन भरात त्यांच्या श्रोत्यांची संख्या तीन कोटींपर्यंत असल्याचा अंदाज केला जातो.

हे यश कशामुळे मिळाले? त्यांच्या भाषेची तीन वैशिष्ट्ये येथे नोंदवू.

पहिले वैशिष्ट्य आवाजाचे. त्यांचा आवाज भरदार होता, ‘र’ हा वर्ण ते घोळवून उच्चारत आणि त्यांच्या बोलण्याला आयरिश वळण होते. सभेतील वक्ता हजारोंना उद्देशून बोलतो. हा आवाज मात्र बैठकीच्या खोलीत, कुटुंबातील चारपाच माणसांपर्यंत पोहोचत होता.

दुसरे वैशिष्ट्य अमूर्ताला मूर्त करण्याचे. चलन, व्याजदर, सुवर्णमान हे विषय बेकार कामगाराला दुर्बोध होते. कॉगलिन यांनी त्यांना बायबलमधील परिचित प्रतिमेत बसवले. येशूने मंदिरातून हाकलून दिलेले सराफ म्हणजेच आजचे बँकवाले, अशी त्यांची मांडणी होती. गुंतागुंतीच्या व्यवस्थेला अशा रीतीने चेहरा मिळाला.

तिसरे वैशिष्ट्य प्रतिसाद मागण्याचे. ‘पत्र लिहा’, ‘तार करा’ अशी आज्ञार्थी वाक्ये ते वापरत. पत्रांचे ढीग येऊ लागले. अमेरिकेने जागतिक न्यायालयात सामील व्हावे की नाही, हा प्रश्न जानेवारी १९३५ मध्ये सिनेटपुढे होता. कॉगलिन यांच्या आवाहनानंतर सिनेटरांकडे विरोधाच्या तारांचा पूर आला आणि प्रस्तावाला आवश्यक ते दोनतृतीयांश बहुमत मिळाले नाही.

४.३.४ ‘आपण’ कोण आणि ‘ते’ कोण?

आता सर्वनामांकडे वळू. मराठीत प्रथम पुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आपण उद्या जाऊ’ या वाक्यात ऐकणाऱ्याचा समावेश होतो, तर ‘आम्ही उद्या जाऊ’ या वाक्यात तो वगळला जातो. इंग्रजीत या दोहोंसाठी एकच सर्वनाम आहे. त्यामुळे वक्ता कोणाला धरून बोलतो आणि कोणाला सोडून, हे तेथे सर्वनामाच्या रूपावरून कळत नाही. संदर्भावरून ते ओळखावे लागते.

कॉगलिन यांचे आरंभीचे प्रथम पुरुषी बोलणे मराठीत आणायचे तर ‘आपण’ हेच रूप योग्य ठरेल. त्यात कामगार, शेतकरी, ठेव बुडालेला खातेदार असे सारेच येत होते. १९३२ च्या निवडणुकीत त्यांनी फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पाठिंबा दिला, तोही याच भूमिकेतून. परंतु अपेक्षित धोरणे येत नाहीत असे पाहून ते रूझवेल्ट यांच्या विरोधात गेले. १९३४ मध्ये त्यांनी सामाजिक न्यायासाठी राष्ट्रीय संघटना स्थापन केली. १९३६ मध्ये त्यांनी पुरस्कृत केलेले उमेदवार विल्यम लेम्के यांना नऊ लाखांहूनही कमी मते मिळाली.

या पराभवानंतर त्यांच्या भाषणांतील ‘ते’ बदलू लागले. ‘आंतरराष्ट्रीय बँकवाले’ हा शब्दप्रयोग ज्यू समाजाकडे बोट दाखवण्यासाठी येऊ लागला. १९३८ मध्ये त्यांच्या ‘सोशल जस्टिस’ या नियतकालिकाने ज्यूंच्या कथित जागतिक कटाविषयीचा, बनावट म्हणून आधीच सिद्ध झालेला मजकूर प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ९ व १० नोव्हेंबरला जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली आणि दुकाने फोडली गेली. २० नोव्हेंबरच्या भाषणात कॉगलिन यांनी नाझीवाद ही साम्यवादापासून बचावाची प्रतिक्रिया असल्याचे सांगितले आणि साम्यवादाचे खापर ज्यूंवर फोडले. अन्याय झालेल्यांनाच त्या अन्यायाचे कारण ठरवण्याची ही रीत होती.

श्रोत्यांची दुःखे खरी होती. त्यांची बेकारी, बुडालेल्या ठेवी, अपमान यांत काहीही खोटे नव्हते. खोटे होते ते दुःखाचे सांगितलेले कारण. ज्या आवाजाने आपले दुःख अचूक ओळखले, त्याने सांगितलेले कारणही अचूक असेल, असा विश्वास श्रोत्याला वाटतो. नभोवाणीवरील जवळिकीचे सामर्थ्य या विश्वासात आहे आणि तिचा धोकाही तेथेच आहे.

४.३.५ कारकिर्दीची अखेर

न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएमसीए केंद्राने त्या भाषणानंतर त्यांचे प्रक्षेपण थांबवले. त्यांच्या अनुयायांनी केंद्राबाहेर निदर्शने केली. १९३९ मध्ये प्रसारकांच्या राष्ट्रीय संघटनेने वादग्रस्त विषयांसाठी वेळ विकण्यावर निर्बंध घातले आणि १९४० मध्ये कॉगलिन यांची भाषणे बंद झाली. १९४२ मध्ये सरकारने ‘सोशल जस्टिस’ची टपाल सवलत काढून घेतली आणि त्यांचे वरिष्ठ आर्चबिशप एडवर्ड मूनी यांनी त्यांना राजकारण सोडण्याचा आदेश दिला. त्यानंतर १९६६ पर्यंत ते रॉयल ओक येथेच धर्मगुरू म्हणून काम करत होते. २७ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

४.४ समारोप

कॉगलिन यांच्याकडे भाषेचे कौशल्य कमी नव्हते. श्राव्य माध्यमाची जी सूत्रे आपण अभ्यासतो, ती त्यांना पूर्णपणे अवगत होती. म्हणून केवळ परिणामकारकता हा भाषणाच्या मूल्यमापनाचा निकष पुरेसा ठरत नाही. आपल्यापैकी काही जण उद्या स्थानिक नभोवाणी केंद्रासाठी संहिता लिहितील, काही जण सभेत बोलतील. संहितेत ‘आपण’ लिहिताना त्यातून कोणाला बाहेर ठेवले जात आहे आणि ‘ते’ लिहिताना त्यासाठी कोणता पुरावा हाती आहे, हे दोन प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय लावून घ्यावी. श्रोता म्हणूनही हेच प्रश्न उपयोगी पडतील.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. कॉगलिन यांच्या नभोवाणीवरील पदार्पणाची पार्श्वभूमी स्पष्ट करा.
२. त्यांच्या भाषेची तीन वैशिष्ट्ये सोदाहरण सांगा.
३. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतील भेद स्पष्ट करून भाषणातील त्याचे महत्त्व विशद करा.

उपक्रम : नभोवाणीवरील कोणतेही एक भाषण दहा मिनिटे ऐका. त्यातील ‘आपण’, ‘आम्ही’, ‘तुम्ही’ व ‘ते’ यांची नोंद करा. प्रत्येक ठिकाणी त्या सर्वनामाने नेमका कोणाचा निर्देश होतो, हे समोर लिहा आणि संपर्कसत्रात त्यावर चर्चा करा.