यादीतला क्रमांक: भारतीय वैमानिकांच्या नोकरीची सत्तर वर्षे

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि भारतीय वैमानिकाला नोकरीसाठी मुख्यतः दोनच दारे उरली. एअर इंडियात परदेशी मार्ग, मोठी विमाने आणि घरापासून लांबचे मुक्काम मिळत. इंडियन एअरलाइन्समध्ये देशभरातल्या छोट्यामोठ्या धावपट्ट्या आणि दिवसाला अनेक फेऱ्या वाट्याला येत. १९८५ मध्ये सौदामिनी देशमुख आणि निवेदिता भसीन यांनी फॉकर फ्रेंडशिप विमान कलकत्त्याहून सिल्चरला नेले. केवळ महिला वैमानिकांनी केलेले ते उड्डाण याच दुसऱ्या दाराचे.

दोन्हीकडे सत्ता चाले ती सिनिऑरिटीच्या यादीची. कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कधी मिळणार, कोणते विमान, कोणते शहर, दिवाळीत रजा कोणाला, हे सारे यादीतल्या क्रमांकावर ठरे. नोकरी पक्की होती, पण कॅप्टनच्या डाव्या खुर्चीची वाट फार लांब होती.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा आणि जेट आल्या. सरकारी कंपनीतले अनुभवी वैमानिक जादा पगारावर तिकडे गेले. त्यांपैकी ईस्ट-वेस्ट आणि मोदीलुफ्त १९९६ पर्यंत बंद पडल्या, जेट मात्र वाढत गेली. खासगी नोकरीत वैमानिकाचे भवितव्य कंपनीच्या प्रकृतीशी किती बांधलेले असते, हे तेव्हाच दिसले होते.

२००३ मध्ये एअर डेक्कन आणि २००६ मध्ये इंडिगो सुरू झाली, तेव्हा निवडीचे गणितच पालटले. अशा स्वस्त दराच्या कंपनीत विमान जमिनीवर जेमतेम अर्धा तास थांबते. वैमानिक दिवसाला चार-चार उड्डाणे करतो आणि बऱ्याचदा रात्री घरी परततो. ताफा झपाट्याने वाढत असल्याने कमांडही लवकर मिळते. टाइप रेटिंगचा, म्हणजे विशिष्ट विमान चालवण्याच्या पात्रतेच्या प्रशिक्षणाचा, खर्च मात्र अनेकदा उमेदवाराच्या माथी येतो. उलट, मुंबई–न्यूयॉर्कसारख्या उड्डाणात लॉगबुकात तास भराभर चढतात, पण लँडिंग एकच आणि कॉकपिटमध्ये वैमानिक अनेक. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंगचा नियम पाळण्यासाठी अशा वैमानिकांना कधी कधी सिम्युलेटर गाठावा लागतो. हात बसायचा असेल, तर नवख्याला एटीआरसारखे छोटे विमान अधिक शिकवते. मोठ्या विमानाच्या मोहापायी ही गोष्ट सहज नजरेआड होते.

मालवाहू कंपन्यांत प्रवाशांची वर्दळ नसते, पण काम मुख्यतः रात्रीचे. आखाती कंपन्यांनी करमुक्त पगार आणि मोठी विमाने देऊ केली. तिथे कराराची नोकरी किती नाजूक असते, हे २०२० च्या कोविडकाळातल्या कपातीने दाखवले. देशातल्या वैमानिकांची गळती रोखण्यासाठी नागरी हवाई वाहतुकीची नियामक संस्था डीजीसीएने २००५ मध्ये सहा महिन्यांची नोटीस सक्तीची केली आणि २०१७ मध्ये कमांडरांसाठी ती वर्षाची केली.

पण कंपनीच बुडाली तर नोटीस कोण कोणाला देणार? किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, जेट एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. पगार थकले आणि यादीतला क्रमांकही कंपनीबरोबर गेला. जेटच्या अनेकांना कमी पगारावर दुसरीकडे रुजू व्हावे लागले.

सरकारी आसराही निर्धोक नव्हता. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र आल्या, पण दोन याद्या एक होईनात. २०११ चा संप समान पगारासाठी झाला, तर २०१२ चा बोइंग ७८७ चे प्रशिक्षण कोणाला मिळावे यावरून. तो जवळपास दोन महिने चालला.

जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटांकडे परतली. एअर इंडियाने पुढच्याच वर्षी ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, तशी वैमानिकांची ओढाताण वाढली. २०२४ मध्ये विस्तारा कंपनीच्या वैमानिकांनी एअर इंडियातल्या विलीनीकरणापूर्वीच्या नव्या वेतनकरारावर नाराजी दाखवली आणि अनेक उड्डाणे रद्द झाली. त्यात पगाराइतकाच विश्रांतीचाही प्रश्न होता. डीजीसीएने साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली. नवे नियम पूर्णपणे लागू झाल्यावर, डिसेंबर २०२५ मध्ये, इंडिगोला वैमानिक अपुरे पडले आणि तिचे वेळापत्रक कोलमडले.