वऱ्हाडात समुद्र आला होता का?

एप्रिल 1930 मध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि देशभर लोक किनाऱ्यांकडे निघाले. वऱ्हाडाला किनारा कुठला? जवळातला जवळ समुद्र शेकडो किलोमीटरांपलीकडे. तरीही त्याच महिन्यात अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. तिथल्या विहिरींचे खारे पाणी आटवून मीठ काढले गेले. वीर वामनराव जोशी, ब्रिजलाल बियाणी यांच्यासारख्या पुढाऱ्यांच्या वऱ्हाडाने कायदा मोडला तो असा, लाटेचे तोंडही न पाहता. ही युक्ती आयत्या वेळी सुचलेली नव्हती. पूर्णा नदीच्या काठी मिठाच्या विहिरी होत्या आणि त्यांतून मीठ काढण्याचा जुना धंदा होता, हे इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांनी नोंदवून ठेवले आहे.

हा सगळा खारपाणपट्टा. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेला, सुमारे 4,700 चौरस किलोमीटरांचा. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागांत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले: “अठी पहिले समिंदर होता म्हन्तेत.” पुरावे दोन दिले जातात. एक पाण्याचा खारेपणा, आणि दुसरा सातपुड्याच्या पायथ्याचे गोल गुळगुळीत गोटे.

गोट्यांचा निकाल लवकर लागतो. शहानूर किंवा वाण नदीच्या पात्रातला एक गोटा उचलून फोडून बघावा. आत काळाशार बेसाल्ट, त्यात पांढरे ठिपके. लाव्हा थिजताना अडकलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजे भरली, तेच हे ठिपके. शंखशिंपल्याचा मागमूस नाही. गावीलगडच्या डोंगरातून पावसाळी लोंढ्यांनी लोटत आणलेले हे दगड, घासून घासून गोल झालेले. डोंगरातून सुटलेली नदी सपाटीला लागली की आधी जड ओझे टाकते, म्हणून पायथ्याशी गोट्यांचा आणि वाळूचा पट्टा. त्यात पाणी सहज मुरते आणि गोडे राहते. अंजनगाव सुर्जीचे पानमळे, अकोटकडची केळी-संत्री या गोड्या पाण्यावर. तिथून थोडे दक्षिणेला उतरले की विहीर खारी.

समुद्राची गोष्ट मात्र अगदीच बिनबुडाची म्हणता येत नाही. तो आला होता, पण शेजारी. डायनासोरांच्या काळात समुद्राचा एक फाटा नर्मदा खोऱ्यात शिरला. धार जिल्ह्यातल्या बाघच्या थरांत त्याचे जीवाश्म आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात समुद्री सूक्ष्मजीवांची कवचे मिळाल्याचे गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडले. त्यावरून समुद्राची वाट मध्य भारतातून गेली होती, असा त्यांचा तर्क. तो सर्वांना पटलेला नाही. आपल्या हद्दीवर, मोर्शी तालुक्यातल्या सालबर्डीला, लाव्हाखालचे लॅमेटा थर उघडे पडले आहेत. त्यांत अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासकांना डायनासोरचे हाड मिळाले. लॅमेटा हा बव्हंशी जमिनीवरच्या नद्या-तळ्यांचा गाळ. म्हणजे किनारा शोधायला गेलो आणि हाती लागले ते तळ्याचे काठ.

शिवाय काळाचा हिशेब जुळत नाही. दख्खनचा लाव्हा पसरला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. पूर्णेचा गाळ त्या लाव्हाच्या वर बसलेला, म्हणजे कितीतरी अलीकडचा. या गाळात सुमात्रातल्या तोबा ज्वालामुखीची राख सापडते. तो स्फोट अवघा सुमारे 74 हजार वर्षांपूर्वीचा. लाव्हाखाली गाडलेल्या समुद्राचे मीठ आजच्या विहिरीत येईल कसे?

मग खार आला कुठून? जुन्या अभ्यासकांनी आटलेल्या तळ्यांचीही कल्पना केली होती. मला जास्त पटते ती साधी उपपत्ती. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन भेगेवर खचली, खोलगट भाग झाला आणि तो चिकण गाळाने भरला. उतार नावापुरता, निचरा मंद. वैशाखात पारा पंचेचाळिशीकडे जाणारा हा मुलूख. पाणी वाहून जाण्याऐवजी आटते. खडक झिजून सुटलेले सोडियमसारखे क्षार मागे राहतात. हे हजारो वर्षे चालले. उन्हाळ्यात उपसलेल्या विहिरीच्या काठावर पांढरी पापडी धरते, त्यात ही सारी प्रक्रिया बोटाने खरवडून पाहता येते.

या पाण्याला साबणाचा फेस येत नाही. पिण्यासाठी वाण धरणावरची 84 खेडी योजना आणायला लागली. शेती पावसाच्या भरवशावर: कपाशी, तूर, मूग आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा. ज्यांना जमले त्यांनी पावसाचे पाणी धरायला शेततळी खोदली, कारण जमिनीखालचे पाणी द्यावे तर काळी माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते, वाळली की दगडासारखी होते. सोडियम चिकणमातीचे कण सुटे करतो आणि पाणी मुरण्याच्या वाटा बुजतात. एखाद्या वर्षी पाऊस दडी मारतो, पीक डोळ्यांदेखत करपते, आणि शेतकरी बोअरचे खारे पाणी सोडतो. ते पाणी आटते, क्षार रानातच राहतात. पुढचा पाऊस कमी पडला तर ते धुवून निघत नाहीत. खारपाणपट्ट्याचे मीठ असे आजही तयार होतेच आहे.