हिरडीतून रक्त आले म्हणून थांबू नका

रमजान सुरू झाला की मशिदीबाहेर अत्तर, टोप्या आणि खजुराच्या गाड्यांशेजारी मिसवाकच्या जुड्या दिसू लागतात. मिसवाक म्हणजे पिलूच्या झाडाची मुळी किंवा काडी. टोक चावले की त्याचा कुंचला होतो. नमाजपूर्वी ती दातांवर फिरवणे ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांचा परिपाठ. बाभूळ-कडुलिंबाच्या दातवणावर वाढलेल्यांना त्यात नवल वाटणार नाही.

रोज्यातही मिसवाक चालते. कोकणातले शाफई पंथीय मात्र दुपारनंतर ती टाळतात. अडचण वेगळीच आहे. थुंकीत रक्ताची छटा दिसली की माणूस घाबरतो आणि दात घासणेच कमी करतो. रोजा नसणारेही तेच करतात.

करायला हवे नेमके उलटे. १९६५ साली हाराल्ड लो या संशोधकाने डेन्मार्कमध्ये १२ निरोगी माणसांना दात घासणे थांबवायला लावले. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू होताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या.

दाताच्या मुळाशी जमणारा जंतूंचा चिकट थर हे या दुखण्याचे मूळ. तो राहिला तर लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन कीटण बनते. ते ना ब्रशने निघते ना मिसवाकने, दंतवैद्यच काढतो. ‘सफाई केली आणि दात हलायला लागले’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. खरे तर आतले हाड आधीच झिजलेले असते, कीटणाने फक्त ते झाकलेले असते. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही.

मधुमेहींनी जास्तच जपावे. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत. मिश्री लावणाऱ्यांची फसगत आणखी वेगळी. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसत नाही, आणि हिरड्या धडधाकट वाटतात.

रोजेदारांनी सहरी आटोपल्यावर, अजानीआधी मऊ ब्रशने दात घासावेत. इफ्तारचा खजूर दातांना चिकटतो. चूळ भरावी, आणि तरावीहनंतर झोपताना पुन्हा ब्रश करावा. साध्या सफाईसाठी दंतवैद्याकडे ईदनंतर गेले तरी चालेल. पू येत असेल किंवा दात हलत असेल, तर मात्र इफ्तारनंतरची वेळ मागून याच आठवड्यात जावे.