फरशीचे आयुष्य तिच्या तळाशी : डहाणू–तलासरीतील घरांसंबंधी काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

घरासाठी टिकाऊ फरशी कोणती, या प्रश्नाचे उत्तर हवामानावाचून देता येत नाही. सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रकिनाऱ्यापासून पूर्वेकडील डोंगरांपर्यंत पसरलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत बर्फ पडत नाही. मात्र जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत जमीन पाण्याने तुडुंब भरते, हवा दमट राहते आणि किनाऱ्यालगत तिच्यात क्षारही असतात. बर्फाळ प्रदेशात काय किंवा येथे काय, फरशीचा खरा शत्रू पाणीच आहे. ते फरशीपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, एवढाच फरक आहे. ही वाट न ओळखल्यामुळे पुढील गैरसमज निर्माण होतात.

गैरसमज 1 : जी फरशी कडाक्याच्या थंडीत टिकते, ती कोठेही टिकते.

वस्तुस्थिती : पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, आणि लादीच्या सूक्ष्म छिद्रांत शिरलेले पाणी गोठले की ती आतून फुटते, म्हणून बर्फाळ प्रदेशात उघड्या जागी अत्यल्प पाणी शोषणाऱ्या लाद्या वापराव्या लागतात. पूर्ण भाजलेली, काचेसारखी घट्ट झालेली व्हिट्रिफाइड लादी वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते, तर भिंतीसाठीच्या साध्या सिरॅमिक लादीत हे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक असू शकते. डहाणूत गोठण्याचे भय नसले, तरी भिंतीची लादी जमिनीवर बसवणे येथेही चूकच ठरते, कारण ती वावराच्या भाराने फुटते. लाकडी फरशीची गोष्ट याहून वेगळी आहे. थंड देशात हिवाळ्यात घरे तापवल्यामुळे आतील हवा कोरडी होते, लाकूड आकसते आणि फटी पडतात; डहाणूत उलट आषाढ–श्रावणातील ओलाव्याने लाकूड फुगते, दाबलेल्या लाकडी भुश्याच्या लॅमिनेट पट्ट्यांच्या कडा वर उचलल्या जातात, आणि वाळवीचा उपद्रव त्यात भर घालतो.

गैरसमज 2 : लादी जितकी महाग आणि कठीण, तितकी फरशी टिकाऊ.

वस्तुस्थिती : फरशीचे आयुष्य तिच्या खालच्या थरांवर ठरते. जोत्याच्या आतील भराव थराथराने पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून बसवला नाही, तर तो पुढील पावसाळ्यात खचतो आणि वरची ग्रॅनाइटची लादीसुद्धा पोकळ वाजू लागते. दगडांचे सोलिंग, म्हणजे मोठे दगड रचून त्यांच्या फटी मुरुमाने भरलेला थर, आणि त्यावरील काँक्रीट हे दोन्ही भार तर पेलतातच, शिवाय मातीतील ओल केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून आपोआप, वर चढण्यालाही अटकाव करतात. या कामात समुद्राची किंवा खाडीची खारी रेती वापरली, तर तिच्यातील क्षार हवेतील ओलावा ओढून घेत राहतात आणि सांध्यांवर पांढरी बुरशीसारखी भुकटी फुलते. ती बुरशी नसून पाण्याबरोबर वर आलेले मीठच असते.

गैरसमज 3 : पावसाळ्यात फरशी ओली दिसली, की खालून पाणी येते.

वस्तुस्थिती : हवेचे तापमान 30 अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर सुमारे 26 अंशांहून थंड असलेल्या पृष्ठभागावर हवेतील बाष्पाचे पाणी होते, या तापमानाला दवबिंदू म्हणतात. जमिनीला टेकलेली घट्ट लादी हवेपेक्षा थंड राहत असल्याने तिच्यावर पाणी सुटलेले दिसते. फरक ओळखण्यासाठी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा कडा चिकटपट्टीने बंद करून फरशीवर एक दिवस ठेवावा. ओल तुकड्याच्या खाली जमली, तर ती जमिनीतून येत आहे आणि जोत्याचे काम करावे लागेल; वरच्या बाजूस जमली, तर ती हवेतील आहे आणि वारा खेळता ठेवणे हाच उपाय आहे.

गैरसमज 4 : लाद्या एकमेकींना घट्ट चिकटवल्या, की फरशी मजबूत होते.

वस्तुस्थिती : लाद्या आणि त्यांच्याखालचे काँक्रीट उष्णतेने व ओलाव्याने किंचित प्रसरण पावतात; सांध्यांत दोन–तीन मिलिमीटर आणि भिंतीच्या कडेला थोडी फट सोडली नाही, तर ताणाला वाट न मिळून लाद्या एकाएकी उचलल्या जातात. नोव्हेंबर 2018पासून डहाणू–तलासरी भागात, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या लहान धक्क्यांची मालिका अनुभवास आल्यामुळे प्रत्येक उचललेली लादी धक्क्यांच्या माथी मारणे सोपे झाले आहे. अशा लादीचे कारण आधी सांध्यांत आणि भरावात शोधावे; मात्र भिंतीत तिरकी नवी भेग दिसली, तर अभियंत्याला दाखवावी, कारण भूकंपात घर भिंतींच्या बांधणीने आणि भिंतींना जखडणाऱ्या पट्ट्यांनी वाचते, फरशीने वाचत नाही.

गैरसमज 5 : दगडाची फरशी ॲसिडने स्वच्छ आणि चकचकीत होते.

वस्तुस्थिती : राजस्थानातून येणारा कोटा, कर्नाटकातील शहाबादी आणि संगमरवर हे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेटचे दगड आहेत. ॲसिडशी त्याची अभिक्रिया होऊन दगड फेसाळतो, झिजतो आणि कायमचा निस्तेज होतो; चिंच आणि लिंबाचा रसही मंद गतीने हेच करतो. व्हिट्रिफाइड लादीला सहसा धक्का पोहोचत नाही, पण तिच्या सिमेंटच्या सांध्यांची झीज होते. साधे पाणी आणि सौम्य साबण पुरेसा असतो. पडवी आणि ओट्यासारख्या भिजणाऱ्या जागी तर चकचकीतपणाच टाळावा आणि खरबरीत दगड निवडावा, म्हणजे पाय घसरणार नाही.

गैरसमज 6 : शेणाने सारवलेली जमीन म्हणजे मागासलेपण.

वस्तुस्थिती : या भागातील वारली घरांच्या मातीच्या जमिनी शेणाने सारवल्या जातात. माती ओलावा शोषते आणि सोडते, त्यामुळे तिच्यावर लादीसारखे पाणी सुटत नाही. तडा गेला तर घरातच असलेल्या मातीने आणि शेणाने तो बुजवता येतो. तिचे दोषही खरे आहेत : सारवण वारंवार करावे लागते, ते कष्ट बहुधा घरातील स्त्रियांवर पडतात आणि जोते बुटके असेल तर पावसाळ्यात जमीन ओलीच राहते. परंतु हे दोष जाणूनही तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. उंच जोते, ठोकलेला भराव आणि पाणी दूर नेणारा उतार यांच्या आधाराने सारवलेली जमीन पिढ्यानुपिढ्या नांदते, आणि हाच आधार नसेल तर दूरच्या खाणीतून आणलेला दगडही डळमळतो. म्हणून ज्या कुटुंबाच्या हाती बेताचेच पैसे आहेत, त्याने ते आधी जोत्यात घालावेत. वरची लादी पुढे केव्हाही बदलता येते, खालचा भराव मात्र घर उकरल्याशिवाय पुन्हा हाती लागत नाही.