वास नाही म्हणजे विष नाही, असे समजू नका

घरातल्या सिलेंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. नळी गळाली की जो सडका वास येतो, तो कंपनीने मुद्दाम घातलेला असतो. मर्कॅप्टन नावाचे रसायन त्यात अगदी थोडे मिसळतात आणि तेवढ्यावर सगळ्या घराला कळते. पण बाकीच्या विषांत असा वास कोणी मिसळून देत नाही. काही विषांना वासच नसतो. एक तर असे आहे की ते आधी नाक बधिर करते आणि मग माणसाला पाडते. त्यांच्याबद्दल आम्ही या वेळी लिहीत आहोत, कारण ती आपल्या घरात, गल्लीत आणि कामाच्या जागी रोज आहेत.

बोरीवलीकरांना वासाची ओळख करून दिली ती गोराईच्या डम्पिंगने. १९७२ पासून तिथे कचरा पडत होता. २००७ च्या अखेरीस तो थांबला. सुमारे वीस हेक्टर जागेवर २३ लाख टनांहून जास्त कचरा साचला होता. महापालिकेने त्याला आकार देऊन वरून आवरण घातले, माती टाकली, गवत लावले आणि आत तयार होणारा गॅस नळ्यांनी बाहेर काढून जाळण्याची सोय केली. वास गेला, लोक डम्पिंग विसरले. पण गॅस काढायला नळ्या का लागल्या, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुरलेला कचरा वर्षानुवर्षे कुजत असतो.

मालाडला चिंचोली बंदरच्या जुन्या डम्पिंगच्या जागेवर काचेची मोठी ऑफिसे उभी राहिली. तिथे संगणक आणि एसी पुन्हा पुन्हा बिघडू लागले, तांब्याचे भाग गंजू लागले. जमिनीखालच्या कचऱ्यातून येणाऱ्या गंधकाच्या वायूवर बोट ठेवले गेले. तांबे जिथे टिकत नाही तिथे माणसाच्या छातीचे काय होत असेल, हे विचारायला डॉक्टर असावे लागत नाही.

आणि माहुल तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तानसा पाइपलाइनलगतच्या वस्त्या हटवून हजारो कुटुंबांना तिथल्या इमारतींत पाठवले. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते की या भागातल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे. तरीही २०१७ मध्ये लोक तिथे नेले गेले. खोकला, त्वचेचे विकार, श्वास लागणे या तक्रारी घेऊन ते लढले. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये आदेश दिला की त्यांना दुसरीकडे राहण्यासाठी दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्यावी. उद्या नदीच्या किंवा रस्त्याच्या कामासाठी आपली घरे गेली आणि पर्यायी घराचे पत्र हाती आले, तर सही करण्यापूर्वी ती जागा पाहून या. एकदा दुपारी आणि एकदा रात्री जा. खालच्या दुकानदाराला आणि लहान मुले असलेल्या बायांना विचारा. राहणाऱ्याला काही दिवसांनी वास जाणवेनासा होतो, म्हणून "आता सवय झाली" हे उत्तर मिळाले तर ते चांगले समजू नका. हरकत असेल तर ती लेखी द्या आणि पोच घ्या.

आता घरात येऊ. जानेवारी २०२० मध्ये बोरीवलीत पंधरा वर्षांची एक मुलगी आंघोळीला गेली आणि गॅस गिझरच्या धुराने बेशुद्ध पडली. रुग्णालयात काही दिवसांनी ती गेली. मारणारा वायू होता कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस किंवा कोळसा पुरेशा हवेशिवाय जळला की तो तयार होतो आणि रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. आपल्याकडे त्याला पित्त समजतात आणि माणूस तिथेच बसून राहतो. झोपडीतून एसआरएच्या इमारतीत गेलेल्या अनेक घरांत हा गिझर आता आला आहे. तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा. आत असेल तर बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच दार लावा. थंडीत शेगडी किंवा घमेल्यात कोळसे पेटवून दार बंद करून झोपणे हाही तोच प्रकार. एकाच घरात दोघांचे डोके एकदम दुखू लागले तर आधी दारे उघडा, सगळ्यांनी बाहेर पडा, मग कारण शोधा.

संडास धुताना बाया ॲसिड टाकतात आणि डाग निघाला नाही की वरून ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली जर्मन सैन्याने शत्रूच्या खंदकांवर हाच वायू सोडला होता. सार्वजनिक शौचालयाची सफाई करणाऱ्या आपल्या माणसांना हे कोणी सांगत नाही, डबे तेवढे हातात देतात. एका वेळी एकच वापरा. भरपूर पाणी ओतून ते वाहून गेल्यावरच दुसरे. डोळे झोंबले, घसा धरला की काम तसेच टाकून बाहेर या. आणि ॲसिड पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका, घरात पोरे असतात.

मच्छर अगरबत्तीचेही तसेच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळाली की जेवढे बारीक धूलिकण निघतात तेवढे ७५ ते १३७ सिगारेटींतून निघतात, असे आढळले. दहा बाय बाराच्या खोलीत दार लावून, उशाशी कॉइल ठेवून बाळाला निजवणारी आई धूम्रपान करत नसते, पण बाळाच्या छातीला तो फरक कळत नाही. मच्छरदाणी घ्या. पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा. कॉइल लावायचीच तर ती दाराबाहेर.

भंगाराच्या कामावर आपली किती घरे चालतात हे आम्हाला ठाऊक आहे, म्हणून "ते काम सोडा" असे आम्ही म्हणणार नाही. पण तांब्यासाठी वायर जाळणे तेवढे थांबवा. वरच्या प्लास्टिकमधून निघणाऱ्या धुरात डायऑक्सिनसारखी विषे असतात आणि तो धूर पहिल्यांदा आपल्याच घरात शिरतो. वायर सोलून काढा. वेळ जातो, पण सोललेले तांबे जळक्या तांब्यापेक्षा चांगले असते. जुनी बॅटरी फोडणे त्याहून वाईट. त्यातल्या शिशाची धूळ कपड्यांवर, केसांत बसते आणि बाप घरी आला की पोराला मिळते. शिशाला वास नाही आणि ताप नाही, उलटी नाही. पोर अभ्यासात मागे पडते, चिडचिड करते, आणि आपण त्याला ढ म्हणून मोकळे होतो. युनिसेफने २०२० मध्ये सांगितले की जगातल्या तीन मुलांपैकी एकाच्या रक्तात शिसे धोक्याच्या पातळीवर आहे. कामाचे कपडे घराबाहेर बदला, वेगळे धुवा, हातपाय धुऊनच मुलाला उचला. घरात कोणी असे काम करत असेल तर ते डॉक्टरला सांगा आणि मुलाच्या रक्तातले शिसे तपासायला सांगा. कांदिवलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालयात, म्हणजे आपल्या शताब्दीत, केसपेपर काढताना "बाप काय काम करतो" हे कोणी विचारले नाही तरी आपण सांगायचे.

नाक बधिर करणारे विष म्हणजे गटारातला आणि शौचालयाच्या टाकीतला गॅस, हायड्रोजन सल्फाइड. थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्याचा वास येतो. वाढला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. उतरणाऱ्याला वाटते वास गेला, हवा साफ झाली. खरे तर तेव्हाच सर्वांत जास्त धोका असतो. प्रमाण खूप असेल तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड आहे, तळाशी साचतो आणि गाळ ढवळला की एकदम वर येतो. म्हणून वरून डोकावताना काही वाटत नाही.

काडी पेटवून खाली टाकून बघतात, ती विझली नाही की उतरतात. या परीक्षेने हा वायू कळत नाही आणि खाली मिथेन असेल तर भडका उडतो. तोंडाला ओले फडके, दारूचा घोट, यानेही काही अडत नाही.

मार्च २०२२ मध्ये कांदिवलीत सार्वजनिक शौचालयाच्या टाकीत तीन मजूर गेले. अशा बातम्यांत एकापेक्षा जास्त नावे का असतात? एक पडतो, दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. अमेरिकेतल्या एका सरकारी संस्थेने १९८६ मध्येच इशारा दिला होता की बंद जागेतल्या अशा मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. भावाला खाली पडलेला पाहून वर थांबणे किती कठीण आहे हे आम्ही जाणतो. तरीही थांबा. आधीच दोर बांधलेला असेल तर वरून ओढा, नसेल तर १०१ ला फोन करा आणि "टाकीत गॅस आहे, माणूस आत आहे" एवढे स्पष्ट सांगा. श्वासाचे यंत्र लावून उतरणारी माणसे अग्निशमन दलाकडे असतात. सोबत १०८ ला रुग्णवाहिकेसाठी सांगा.

मुळात उतरायचेच नाही. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही माणूस शोधायला मुकादम कोणत्या वस्तीत येतो आणि कोणत्या सोसायटीत जात नाही, हे वाचकांना सांगायला नको. कायदा झाला, पण जातीने वाटलेले काम त्याच जातीकडे राहिले. बोलावणे आले तर मशीनची गाडी मागवायला सांगा. धोका दिसला तर सफाईच्या १४४२० या हेल्पलाइनवर कळवा.

एखादे घर उघडे पडलेच, तर हक्क सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी गटारातल्या मृत्यूसाठी भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, आणि कायमचे अपंगत्व आल्यास २० लाख. "खासगी सोसायटीचे काम होते, सरकारचा संबंध नाही" असे सांगून परत पाठवतील. गोवंडीत डिसेंबर २०१९ मध्ये एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गेले, तेव्हा त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारलाच प्रत्येकीला त्या वेळच्या दराने १० लाख देण्याचा आदेश दिला. तेव्हा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधीची घाई करू नका. एफआयआरमध्ये २०१३ च्या कायद्याचे नाव लिहिले आहे का ते वाचून घ्या. कामाला कोणी बोलावले, किती वाजता, कोण सोबत होते हे त्याच दिवशी वहीत लिहा. मुकादमाचा फोन आला असेल किंवा मजुरी मोबाइलवर आली असेल, तर ती नोंद आणि तो मेसेज पुसू नका.