'सैराट'ची बोली आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद

बोली आणि सत्ता यांचा संबंध एखाद्या प्रेमकथेच्या स्वागतातूनही उलगडतो. तो आपण एका परिचित चित्रपटाच्या आधारे पाहू.

लेण्याद्रीच्या परिसरातून वाहणारी कुकडी घोड नदीला मिळते, घोड भीमेला. आणि हेच पाणी पुढे उजनीच्या जलाशयातून करमाळा तालुक्याच्या शिवेला लागते. नागराज मंजुळे त्या तालुक्यातील जेऊरचे. त्यांचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. आपण जुन्नर-आंबेगावकडचे असाल, तर आर्चीचा हेल आपल्याला थोडा निराळा वाटला असेल; परंतु तो कळण्यात अडचण आली नसेल.

मराठी चित्रपटात ग्रामीण बोली पुष्कळदा हशा पिकवण्यासाठी येत असे. येथे ती प्रेमाची भाषा झाली, हे समीक्षकांनी सांगितलेच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की पाटलाची आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या कुटुंबातला परश्या यांची बोली जवळजवळ एकच आहे. जातीचे अंतर शब्दांत नाही, आज्ञार्थात आहे. आर्ची सहज हुकूम सोडते. परश्या आर्जव करतो. हैदराबादेत पोहोचताच सभोवार तेलुगू ऐकू येते आणि आर्चीचा आज्ञार्थ निकामी होतो. तिचे रडणे केवळ घराच्या आठवणीचे नव्हे. तिच्या बोलण्याला गावात असलेले वजनही मागे राहिलेले असते. शेवटच्या प्रसंगात तर दिग्दर्शकाने ध्वनीच काढून घेतला आहे.

प्रेक्षकांचा प्रतिसादही असाच दुभंगलेला होता. अजय-अतुल यांच्या गाण्यांवर लोक चित्रपटगृहात नाचले, आणि तेच लोक मुकाट्याने बाहेर पडले. शंभर कोटींची कमाई झाली. दुसरीकडे, शाळा-कॉलेजची मुले बिघडतील, अमुक एका जातीची बदनामी होते, असे आक्षेपही आले. आक्षेप घेणाऱ्यांना बोली खटकली नव्हती, हे ध्यानात घ्या.

तमिळमधील बालाजी शक्तिवेल यांचा 'कादल' (२००४) याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे. मदुराईतला दुचाकी दुरुस्त करणारा तरुण, सधन घरातली मुलगी, चेन्नईला पलायन. तेथेही स्थानिक बोलीच कथेचा कणा आहे. मुलीचे नातलग दोघांची ताटातूट करतात. परंतु अखेरीस नायिकेचा पती त्या वेड लागलेल्या प्रियकराला आधार देतो, आणि प्रेक्षकाला निःश्वास टाकायला जागा मिळते. मंजुळे ती जागा ठेवत नाहीत. माझ्या मते 'सैराट'नंतरची ती शांतता यातून आली.

हिंदीतील 'धडक' (२०१८) उदयपूरला गेला. त्यात जात फिकी पडली, अशी टीका झाली. बोली बदलता येते. हुकूम कोण कोणाला करतो, ते गाळले की कथेत फक्त पळून गेलेले जोडपे उरते.

स्वाध्याय : आर्चीच्या तोंडची दहा आज्ञार्थी वाक्ये ऐकून लिहून काढा. ती आपल्या गावात कोण कोणाला उद्देशून म्हणेल, आणि कोण म्हणू धजणार नाही, याची नोंद प्रत्येक वाक्यासमोर करा.